डीटर राम्स यांची कारकीर्द आणि साच्याजवळची पहिली नोकरी

प्रश्न असा आला आहे: "मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, डोंबिवलीत राहतो. डीटर राम्स यांची कामं पाहून इंडस्ट्रियल डिझायनर व्हायचं ठरवलंय. त्यांची कारकीर्द नेमकी कशी घडली, आणि मुंबईत राहून त्या वाटेने कसं जाता येईल?"

राम्स यांच्याविषयी वाचायला गेलं की दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. एक म्हणजे ब्राउन या जर्मन उपकरण कंपनीचा टी ३ रेडिओ आणि आयपॉड शेजारी ठेवलेला फोटो, आणि दुसरी म्हणजे चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वं. दोन्ही पाहून मन भारावतं, पण कारकीर्द कशी उभी राहिली ते कळत नाही. ती एका कारखान्यात उभी राहिली, साचे करणाऱ्या, पत्रा वाकवणाऱ्या आणि खर्चाचा हिशेब मागणाऱ्या माणसांबरोबर चाळीस वर्षं काढून. तुम्ही इंजिनिअर होत आहात, म्हणून त्याच बाजूने सांगतो.

राम्स यांचा जन्म १९३२ चा, जर्मनीतल्या वीसबाडेनचा. आजोबा सुतार. १९४७ मध्ये ते गावातल्याच कला-हस्तकला शाळेत वास्तुकला आणि अंतर्गत सजावट शिकायला गेले, मध्येच शिक्षण थांबवून सुतारकामाची उमेदवारी पूर्ण केली, मग परत येऊन १९५३ मध्ये शिक्षण संपवलं. ही मधली उमेदवारी लक्षात ठेवा. पुढे दोन वर्षं फ्रँकफुर्टमध्ये ऑटो आपेल या वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात. १९५५ मध्ये ते ब्राउनमध्ये लागले, तेही वस्तूंच्या डिझाइनसाठी नाही, तर वास्तुरचना आणि अंतर्गत सजावटीच्या कामासाठी. वस्तूंकडे ते नोकरीत आल्यावर वळले.

त्याच १९५५ मध्ये इथे मुंबईत गोदरेजने पूर्णपणे भारतात बनलेला पहिला टाइपरायटर बाजारात आणला होता. म्हणजे अवघड वस्तू बनवणारे कारखाने आपल्याकडेही होते. ब्राउनमध्ये वेगळं होतं ते मालकांचं डोकं. संस्थापक माक्स ब्राउन १९५१ मध्ये वारले आणि कंपनी आर्टूर आणि एर्विन या दोन मुलांच्या हाती आली. आर्टूर तांत्रिक बाजू बघायचे, एर्विन व्यवसायाची. त्यांनी फ्रित्स आयखलर यांना सोबत घेतलं, जर्मनीतल्याच उल्म शहरातल्या डिझाइन शाळेच्या हान्स गुगेलोट आणि ऑटल आयखर यांना कामं दिली, आणि १९५५ च्या ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनात नव्या चेहऱ्याचे रेडिओ मांडले. राम्स आत आले तेव्हा मालकांचा निर्णय झालेला होता. नव्या डिझायनरने मालकाला रोज पटवत बसायचं की मालकाला आधीच पटलेलं असायचं, यात कारकिर्दीच्या दहा वर्षांचा फरक पडतो. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराइतकीच ही गोष्ट विचारून घ्या: इथे डिझाइनचा शेवटचा शब्द कोणाचा?

पहिलं मोठं काम म्हणजे १९५६ चा एसके ४, रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर एकत्र. गुगेलोट आणि राम्स यांचं संयुक्त काम. पांढऱ्या रंगाचा वाकवलेला पत्रा आणि दोन बाजूंना लाकडाच्या फळ्या. झाकणही पत्र्याचंच करायचं होतं, पण आवाज वाढवला की ते थरथरायचं. मग राम्स यांनी पारदर्शक अॅक्रिलिकचं झाकण सुचवलं. लोकांनी त्या यंत्राला 'स्नो व्हाइटची शवपेटी' असं नाव ठेवलं आणि पुढे कित्येक वर्षं जगभरचे रेकॉर्डप्लेअर तसंच झाकण लावून विकले गेले. आज ते झाकण सौंदर्याचा निर्णय म्हणून शिकवतात. त्याची सुरुवात मात्र थरथरणाऱ्या पत्र्यापासून झाली, म्हणजे वस्तू चालू करून, कान देऊन ऐकल्यापासून. कागदावर हा दोष कधीच दिसला नसता.

१९६१ मध्ये ते ब्राउनच्या डिझाइन विभागाचे प्रमुख झाले आणि १९९५ पर्यंत राहिले. मधे १९६७ मध्ये कंपनी अमेरिकेतल्या जिलेटकडे गेली, तरी ते टिकले. १९८१ पासून हॅम्बुर्गच्या कला विद्यापीठात प्राध्यापकीही केली. ज्याला आपण 'राम्सचं काम' म्हणतो, त्यातलं पुष्कळ काम त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. एचएल १ हा टेबलावरचा छोटा पंखा आणि केएसएम १ कॉफी ग्राइंडर राइनहोल्ड वाइस यांचे. केएम ३ हे स्वयंपाकघरातलं यंत्र गेर्ड आल्फ्रेड म्युलर यांचं. घड्याळं आणि कॅल्क्युलेटर यांत डीट्रिख लुब्स यांचा मोठा वाटा. प्रसिद्ध ईटी ६६ कॅल्क्युलेटर (१९८७) दोघांचा मिळून. त्याची बटणं फुगीर आहेत, त्यामुळे बोट आपोआप बटणाच्या माथ्यावर येतं आणि शेजारचं बटण दाबलं जात नाही. तुमच्या पोर्टफोलिओतही प्रत्येक कामाखाली तुमचा वाटा एका ओळीत लिहा: स्केच माझं, सीएडी (संगणकावरचं ड्रॉइंग) माझं, मॉडेल मित्राचं. परीक्षक आणि कंपन्या हे विचारतातच, आणि गोलमाल उत्तर लगेच ओळखू येतं.

माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण रेडिओचं नाही, १९८४ च्या केएफ ४० या कॉफीयंत्राचं आहे. डिझायनर हार्टविग काल्के. आधीचं केएफ २० हे १९७२ चं यंत्र दिसायला देखणं होतं, पण त्यात पाण्याची टाकी वर आणि भांडं खाली, म्हणून तापवायला दोन घटक लागायचे, आणि ते महाग पडायचं. केएफ ४० मध्ये टाकी मागे नेली आणि एकाच घटकावर काम भागवलं. खर्च आणखी कमी करायला पॉलिकार्बोनेटऐवजी पॉलिप्रॉपिलीन हे स्वस्त प्लास्टिक घ्यायचं ठरलं. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना जास्त आकसतं, सपाट पृष्ठभागावर लाटा आणि खळगे दिसतात. म्हणून टाकीच्या मागच्या भिंतीला उभ्या पन्हळी दिल्या. पन्हळीमुळे भिंत ताठ झाली आणि पृष्ठभागाचे दोष डोळ्याला दिसेनासे झाले. सजावट वर्ज्य मानणाऱ्या विभागातून पन्हळीदार वस्तू निघाली म्हणून टीकाही झाली. ती टीका मला पटत नाही. पन्हळीला कारण होतं, आणि ते कारण साच्यात होतं.

हे कारण समजायला लागणारे आकडे तुम्हाला कॉलेजात कदाचित सुटे सुटे शिकवले असतील. एकत्र सांगतो, कारण डिझायनर म्हणून तुमचं पहिलं भांडण यांच्याशीच होणार आहे.

एबीएस हे टणक प्लास्टिक साच्यात थंड होताना साधारण ०.४ ते ०.७ टक्के आकसतं, पॉलिप्रॉपिलीन १ ते २.५ टक्के. २०० मिलिमीटर लांबीचं झाकण धरा. एबीएस ०.५ टक्क्याने १ मिलिमीटर कमी होईल, पॉलिप्रॉपिलीन १.५ टक्क्याने ३ मिलिमीटर. साचा एबीएसच्या हिशेबाने कापला आणि नंतर मालकाने दाणा (वितळवायचं कच्चं प्लास्टिक) स्वस्त म्हणून पॉलिप्रॉपिलीन टाकायला सांगितलं, तर झाकण २ मिलिमीटर तोकडं निघेल आणि बॉडीवर बसणारच नाही. म्हणून साच्याची ऑर्डर जाण्याआधी मटेरियल, तेही ग्रेडसकट, लेखी ठरलेलं असावं.

भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा. हाताळायच्या वस्तूंसाठी एबीएसमध्ये २ ते ३ मिलिमीटर पुरे. भिंत नाजूक वाटली की नवे लोक ती ५ मिलिमीटर करतात. मग थंड व्हायला वेळ लागतो, दर नगाची किंमत वाढते आणि जाड जागी खळगा पडतो. ताकद हवी तर आतून रिब, म्हणजे पातळ उभी पट्टी, द्या. रिबची जाडी भिंतीच्या निम्मी, फार तर साठ टक्के: २.५ च्या भिंतीला १.२ ते १.५. याहून जाड रिब दिली की बाहेरच्या बाजूला तिची सावली उमटते. चकचकीत काळ्या बॉडीवर ती सर्वांत जास्त दिसते.

साच्यातून भाग सुटायला भिंतीला ढाळ लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. गुळगुळीत पृष्ठभागाला दर बाजूला किमान १ अंश. टेक्स्चर असेल तर त्याच्या खोलीच्या प्रत्येक ०.०२५ मिलिमीटरमागे आणखी १ ते दीड अंश. ड्राफ्ट विसरला तर भाग साच्याला घासत निघतो आणि ओरखडे येतात. राम्स यांच्या वस्तू सरळ काटकोनात दिसतात म्हणून विद्यार्थी शून्य अंशाची भिंत काढतात. टूलरूमचा, म्हणजे साचे बनवणाऱ्या विभागाचा, माणूस मग स्वतःच्या मनाने ड्राफ्ट देतो आणि दोन भागांच्या सांध्यावर पायरी तयार होते. ड्राफ्ट तुम्हीच द्या आणि तो कोणत्या बाजूला उघडतो हेही ड्रॉइंगवर लिहा.

३ मिलिमीटरच्या सेल्फ टॅपिंग स्क्रूसाठी एबीएसमध्ये बॉसचं (स्क्रू बसवायच्या नळीसारख्या उंचवट्याचं) भोक साधारण २.४ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६ ते ७. बॉस बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. तो थोडा आत घ्या आणि रिबने जोडा. चिकटवला की तिथे प्लास्टिकचा गोळा होतो आणि बाहेरून खळगा दिसतो.

शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत पैसे वाचवणारा नियम: साच्यातून लोखंड काढणं सोपं, परत भरणं अवघड. खटकन बसणारा लॉक असेल तर पहिल्या ट्रायलला, म्हणजे साच्याच्या चाचणीला, तो मुद्दाम थोडा सैल ठेवा. ट्रायलचा नग हातात घेऊन बघा, मग साच्यातून ०.१ किंवा ०.२ मिलिमीटर काढलं की प्लास्टिक तेवढं वाढतं आणि लॉक घट्ट बसतो. आधीच घट्ट केला असेल तर साच्यात वेल्डिंग करून पुन्हा मशीनिंग करावं लागतं, आणि तो डाग पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर कायमचा दिसू शकतो.

मुंबईत यात पावसाळ्याची भर पडते. एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि नायलॉन हवेतली ओल शोषतात. न वाळवता दाणा मशीनमध्ये टाकला की नगावर चंदेरी रेघा उठतात. एबीएस ८० अंशांवर दोन ते चार तास, पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन ते चार तास वाळवावं लागतं. जुलैत नमुना नापास झाला तर डिझाइन बदलण्याआधी दाणा वाळवला होता का, ते विचारा. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) मॉडेल्सही या दिवसांत कडांना फुगतात. कडांना सीलर दोनदा लावल्याशिवाय रंग मारू नका.

हे शिकायला मुंबईसारखं शहर नाही. भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला मिक्सर आणि एक इस्त्री आणा. प्रत्येक भाग सोडवून कागदावर मांडा, वर्निअरने भिंत, रिब, बॉस मोजा, आतल्या बाजूला कोरलेलं मटेरियलचं नाव वाचा. नाव नसेल तर तुकडा पाण्यात टाका: पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट बुडतात. किती स्क्रू, किती प्रकारचे, पुन्हा जोडायला किती मिनिटं लागली, ते लिहा. दोन वेगळ्या कंपन्यांचे मिक्सर असे मांडले की कोणी कुठे पैसे वाचवले ते डोळ्यांसमोर येतं. मग लोहार चाळीत जाऊन त्याच वस्तूंचे आजचे भाव बघा, स्विच आणि पॉटसाठी (नॉबमागच्या फिरत्या भागासाठी) लॅमिंग्टन रोड, हत्यारांसाठी नागदेवी. धारावीच्या १३ कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडणारे कामगार कोणता तुकडा कशाचा हे झटपट ओळखतात. वस्तूचा शेवट कसा होतो आणि दोन प्लास्टिकं एकमेकांना चिकटवून टाकल्यावर त्या माणसांचं काम कसं अडतं, ते तिथे उभं राहून बघण्यासारखं आहे. वसई पूर्वेला मोल्डर (साच्यातून प्लास्टिकचे नग काढणारे) आणि टूलरूम भरपूर आहेत. ओळखीने एखाद्या ट्रायलला उभं राहू द्या म्हणा. सकाळी जा, मधे बोलू नका, पहिले पन्नास नग क्रमाने ओळीत मांडून त्यांत काय बदलत गेलं ते बघा.

शिक्षणाचं थोडक्यात. तुम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात म्हणजे तुमची परीक्षा सीड, डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची, साधारण जानेवारीत. ती आयआयटी मुंबई घेते, गुण एक वर्ष चालतात, आणि त्यावर पवईच्या आयडीसीसह (आयआयटी मुंबईची डिझाइन शाळा) इतर संस्थांत एमडेसला, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीला, अर्ज करता येतो. बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी यूसीड वेगळी. इंजिनिअर सहसा चित्रांच्या भागात गुण गमावतात. रोज अर्धा तास हाताने, पट्टी न वापरता, चौकोनी खोकी आणि त्यांच्या बाजूंवरची वर्तुळं काढा. वर्तुळ तिरक्या बाजूवर लंबवर्तुळ होतं आणि त्याचा अक्ष चुकला की कप वाकडा दिसतो. तीन महिन्यांत हात बसतो. यासाठी महागडे क्लास लागतात असं मला वाटत नाही.

आयडीसीचा आणि राम्स यांच्या जगाचा धागा फार जवळचा आहे, आणि तो मराठी माणसातून जातो. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी पुढे उल्मला गेले, ज्या शाळेतून गुगेलोट आणि आयखर ब्राउनसाठी काम करत होते त्याच शाळेत. परत येऊन १९६९ मध्ये त्यांनी पवईला आयडीसी उभं केलं. घराणं म्हणतात ते असं. याच संस्थेतले ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी मतदान यंत्राचं डिझाइन केलं. मतदाराच्या बाजूला बटणांचं युनिट, अधिकाऱ्याकडे नियंत्रण युनिट, मधे पाच मीटरची केबल, एका युनिटवर सोळा उमेदवारांची जागा, आणि सगळं बॅटरीवर, कारण केंद्रावर वीज असेलच असं नाही. वाचता न येणारा माणूसही चिन्ह पाहून बटण दाबतो. कारकीर्द घडवायला परदेशच हवा असं मानणाऱ्यांनी निवडणुकीच्या दिवशी त्या यंत्राकडे एकदा डिझायनरच्या नजरेने बघावं.

पहिल्या नोकरीबद्दल माझं मत ठाम आहे. चकचकीत रेंडरिंग (वस्तूची संगणकावरची चित्रं) करणारा स्टुडिओ आणि स्वतःची टूलरूम असलेली मध्यम कंपनी यांत निवड असेल तर कंपनी घ्या, पगार थोडा कमी असला तरी. निदान तीन वर्षं थांबा. वस्तू कागदावरून बाजारात जायला दीड-दोन वर्षं सहज लागतात. वर्षभरात सोडलं तर स्वतःच्या वस्तूच्या पहिल्या हजार तक्रारी वाचायला तुम्ही तिथे नसाल, आणि खरं शिकणं त्या तक्रारींत असतं. पोर्टफोलिओत चार-पाच कामं पुरेत, पण प्रत्येकात फसलेलं मॉडेल दाखवा: काय मोडलं, का मोडलं, पुढच्या नमुन्यात काय बदललं.

पुढे स्वतंत्र कामं घ्याल तेव्हा राम्स यांच्याकडूनच एक गोष्ट घ्या. ब्राउनमध्ये असतानाच एर्विन ब्राउन यांची परवानगी घेऊन त्यांनी व्हिट्सू या कंपनीसाठी फर्निचर केलं. १९६० ची ६०६ ही भिंतीवरच्या शेल्फची रचना आजही बनते. परवानगी उघड घेतली होती म्हणून ते दोन्हीकडे टिकले. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाचं कलम असतं, ते सही करण्याआधी वाचा. त्यांच्या ६२० या खुर्चीची नक्कल झाली तेव्हा व्हिट्सूने कोर्टात जाऊन १९७३ मध्ये तिला कलाकृतीसारखं कॉपीराइट संरक्षण मिळवलं.

आपल्याकडे यासाठी डिझाइन्स अॅक्ट, २००० आहे. नोंदणी दहा वर्षं, वाढवली तर आणखी पाच. त्यात दिसणारं रूप संरक्षित होतं. केवळ कामासाठी अपरिहार्य असलेला आकार किंवा आतली यंत्रणा त्यात बसत नाही, तिच्यासाठी पेटंट. नोंदणीची शाखा कोलकात्याला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो आणि अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातही स्वीकारतात. सर्वांत जास्त नुकसान होतं ते क्रम चुकल्याने. कॉलेजच्या प्रदर्शनात मांडलं, फोटो टाकले, लोकांनी कौतुक केलं आणि मग अर्ज केला, तर नावीन्य संपलेलं असतं. आधी अर्ज, पावती हातात आल्यावर फोटो. आणि अर्जासाठीची चित्रं काढताना समोर, मागे, डावी, उजवी, वर, खाली आणि एक तिरकी अशी सातही बाजूंची काढा, एकाच प्रमाणात. एका चित्रात बटण गोल आणि दुसऱ्यात किंचित चौकोनी असं झालं की हरकत येते आणि उत्तर देण्यात महिने जातात.